सुरी लागण्याआधी: कुत्र्या-मांजरांच्या त्वचेची शस्त्रक्रियापूर्व तयारी

कुत्र्याच्या किंवा मांजराच्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात टाक्यांतून पू यायला लागला, की दोष ठरलेल्या तीन ठिकाणी जातो. प्रतिजैविक कमी पडले असेल, मालकाने काळजी घेतली नसेल, किंवा जनावराने जखम चाटली असेल. तिन्ही कारणे खरी असू शकतात. पण सुरी लागण्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडले, हे क्वचितच कुणी विचारते. केस कधी काढले आणि कशाने? मळ आधी धुतला होता का? औषध त्वचेवर किती वेळ राहिले? ते वाळू दिले का? स्वच्छ शस्त्रक्रियेच्या जखमेत शिरणारे जंतू बहुतेक वेळा त्या जनावराच्या स्वतःच्याच त्वचेवरून येतात. म्हणून हे प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवेत.

या विषयावर गेल्या दीड शतकात पुष्कळ काम झाले. त्यातले बरेचसे माणसांवर आणि थोडे प्राण्यांवर. हा सगळा पुरावा शेजारी शेजारी ठेवून पाहिला, की माझे मत पक्के होते: कोणते औषध चांगले, या वादाला आपण गरजेपेक्षा जास्त वेळ दिला. त्वचा न दुखावता केस काढणे, मळ आधी घालवणे, औषधाला पुरेसा वेळ देणे आणि ते वाळेपर्यंत थांबणे, ही चार कामे त्या मानाने दुर्लक्षित राहिली. त्यांना खर्च फारसा येत नाही, शिस्त मात्र लागते.

दीडशे वर्षांची वाट

जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाचे आपले प्रयोग १८६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले, तेव्हा जखमेतला पू हा बरे होण्याचाच भाग आहे असे मानणारे शल्यविशारद होते. मुंबईत परळला १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा हा विचार जेमतेम वीस वर्षांचा होता. १९०८ मध्ये अँटोनियो ग्रॉसिच यांनी कापण्याच्या जागी टिंक्चर आयोडीन लावण्याची सोपी पद्धत रूढ केली. ती परिणामकारक होती, पण त्वचा भाजायची. १९५० च्या दशकात आजची दोन मुख्य औषधे हाती आली. क्लोरहेक्सिडीन १९५४ मध्ये ब्रिटनमधून बाजारात आले, आणि १९५५ मध्ये अमेरिकेत पोव्हिडोन-आयोडीन तयार झाले. त्यात आयोडीन एका मोठ्या रेणूला बांधलेले असते आणि हळूहळू सुटते, त्यामुळे भाजणे कमी झाले.

औषधांच्या या प्रवासाइतकेच महत्त्वाचे काम फिलिप प्राइस यांनी १९३८ मध्ये केले. हातांवरचे जंतू मोजत त्यांनी दोन गट वेगळे दाखवले. एक गट पाहुण्यांचा: धूळ, विष्ठा, स्पर्श यांतून आलेला आणि धुण्याने सहज जाणारा. दुसरा रहिवाशांचा: त्वचेच्या थरांत आणि केसांच्या मुळांत वस्ती करून राहिलेला. पहिला गट जवळजवळ पूर्ण घालवता येतो. दुसऱ्याची संख्या घटवता येते, पण तो संपवता येत नाही. त्वचेच्या तयारीचे सारे शास्त्र या एका भेदावर उभे आहे.

कुत्र्याची त्वचा वेगळी आहे

कुत्र्याच्या आणि मांजराच्या त्वचेचा वरचा थर माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असतो. त्यात जिवंत पेशींचे थर मोजकेच असतात. माणसाच्या एका छिद्रातून साधारणपणे एक केस येतो, तर कुत्र्याच्या एकाच छिद्रातून एक जाड आणि अनेक मऊ केस असा झुपका बाहेर पडतो. शेजारी तेलग्रंथी असतात. कुत्र्याची त्वचा माणसाइतकी आम्लधर्मीही नसते. तिथे वस्ती करणारा प्रमुख जंतू म्हणजे स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस. त्याला वेगळी जात म्हणून हे नाव २००५ मध्ये मिळाले. कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेच्या जखमा चिघळवण्यात त्याचाच वाटा मोठा आहे, आणि मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारे त्याचे प्रकार आता जगभर आढळतात.

रहिवासी जंतूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा केसांच्या मुळांत आणि ग्रंथींत इतका खोल असतो, की वरून लावलेले कोणतेही औषध तिथवर पोहोचत नाही, असे शल्यशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. हत्यारे, कापड आणि हातमोजे निर्जंतुक होतात, जिवंत त्वचा होत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर संख्येत आहे. एलेक आणि कोनेन यांनी १९५७ मध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचून पाहिले. पू होण्यासाठी लाखो जंतू लागले. पण त्या जागी रेशमी टाका असेल, तर काही शे जंतूंनीही काम भागले. प्रत्येक शस्त्रक्रियेत टाके असतात, हाडाच्या शस्त्रक्रियेत पट्ट्या आणि स्क्रूही असतात. म्हणून उद्दिष्ट असे ठेवावे लागते: जंतूंची संख्या झटकन खाली आणायची, आणि शेवटचा टाका पडेपर्यंत ती खालीच ठेवायची.

केस: सर्वांत भक्कम पुरावा इथे आहे

वस्तऱ्याने केलेली गुळगुळीत त्वचा डोळ्यांना स्वच्छ वाटते. भिंगाखाली मात्र तिच्यावर बारीक चिरा आणि सोललेल्या जागा दिसतात. त्यांतून लस पाझरते आणि काही तासांत जंतू तिथे वाढू लागतात. माणसांमधले आकडे जुने असले तरी बोलके आहेत. सेरोपियन आणि रेनॉल्ड्स यांच्या १९७१ च्या अभ्यासात वस्तरा फिरवलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्क्यांना जंतुसंसर्ग झाला. केस न काढलेल्या, किंवा केस घालवणारे मलम वापरलेल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण ०.६ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही सूचना स्पष्ट आहे: शक्य असेल तर केस काढूच नका, काढायचेच असतील तर केस कापण्याच्या यंत्राने, म्हणजे क्लिपरने, काढा, वस्तरा वापरू नका.

कुत्र्या-मांजरांत यातला पहिला पर्याय शक्य नाही. दाट केसांत औषध त्वचेपर्यंत जात नाही आणि केस जखमेत पडतात. तेव्हा प्रश्न उरतो तो कधी आणि कसे काढायचे याचा. ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या १,२५५ शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. भूल देण्याआधी केस काढलेल्या जनावरांत जखम चिघळण्याची शक्यता भूल दिल्यावर केस काढलेल्यांच्या तिप्पट दिसली. कारण समजण्यासारखे आहे. जागे जनावर हलते, क्लिपर ओरखडतो, आणि त्या ओरखड्यांना शस्त्रक्रियेपर्यंत पिकायला वेळ मिळतो. सकाळी सगळ्या कुत्र्यांचे केस काढून ठेवायचे आणि दुपारपर्यंत एकेकाची शस्त्रक्रिया करायची, ही सोय म्हणूनच महागात पडते.

योग्य रीत अशी. भूल द्यावी, मूत्राशय रिकामे करावे, मग शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या खोलीत चाळीस नंबरच्या पात्याने केस काढावेत. केस दाट असतील तर आधी वाढीच्या दिशेने जाडसर कापून घ्यावेत आणि मग उलट दिशेने बारीक करावेत. पाते त्वचेला सपाट टेकलेले असावे, टोकाने खणू नये. दर थोड्या वेळाने पात्याला हात लावून पाहावे. तापलेल्या पात्याचे चटके दुसऱ्या दिवशी लाल चट्टे होऊन उठतात, आणि मालकाला वाटते की जखमच बिघडली. बोथट किंवा दात तुटलेले पाते वस्तऱ्याहून वाईट. उघडी जखम असेल तर आधी तीत निर्जंतुक जेली भरावी, म्हणजे पडलेले केस जेलीला चिकटतात आणि धुताना निघून जातात. शेवटी सुटे केस व्हॅक्यूमने ओढून घ्यावेत. फुंकर मारून किंवा झटकून ते फक्त खोलीभर पसरतात.

किती जागा मोकळी करायची? कापण्याच्या रेषेभोवती सर्व बाजूंनी काही इंच, आणि चीर वाढवावी लागली तरी पुरेल इतकी. पायाच्या शस्त्रक्रियेत पायाचे केस सर्व बाजूंनी काढावे लागतात, पंजा झाकून बांधावा लागतो आणि तयारीच्या वेळी पाय टांगून ठेवावा लागतो. बोक्याच्या अंडकोषावरचे केस क्लिपरपेक्षा बोटांनी उपटणे बरे. कुत्र्याच्या अंडकोषाची त्वचा फारच नाजूक असते, म्हणून चीर तिच्या पुढे घ्यायची असेल तर तिथे क्लिपर फिरवू नये आणि स्क्रबनेही रगडू नये. केस परत कसे येतील हे मालकाला आधीच सांगावे. हस्कीसारख्या दाट लोकरीच्या जातींत कधी अनेक महिने केस उगवत नाहीत. सयामी मांजराच्या मोकळ्या केलेल्या जागी नवे केस गडद येतात, कारण त्यांचा रंग ठरवणारे विकर थंड त्वचेत जास्त काम करते.

मळ आधी, औषध नंतर

जंतुनाशक हे धुण्याचे औषध नाही. रक्त, पू, माती आणि तेलकट थर असेल तर पोव्हिडोन-आयोडीनमधले मोकळे आयोडीन त्यांच्याशीच बांधले जाऊन वाया जाते. क्लोरहेक्सिडीन तुलनेने टिकाव धरते, पण साध्या साबणाचा अंश राहिला तर निष्प्रभ होते. म्हणून साबणाने धुतले असेल तर भरपूर पाण्याने तो पूर्ण काढावा. शक्यतो जंतुनाशकाचाच फेस होणारा प्रकार, म्हणजे स्क्रब, धुण्यासाठी वापरावा. रस्त्यावरून पकडून आणलेल्या कुत्र्याच्या अंगावर चिखल, वंगण, गोचिड्या आणि खरजेच्या खपल्या असतात. त्याच्या बाबतीत हा पहिला टप्पा सर्वांत लांब असायला हवा. प्रत्यक्षात तोच सर्वांत घाईत उरकला जातो.

कोणते औषध?

आपल्याकडच्या दवाखान्यांत तीन गोष्टी बहुधा असतात: बीटाडिन म्हणून ओळखले जाणारे पोव्हिडोन-आयोडीन, क्लोरहेक्सिडीन, आणि स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल. सॅव्हलॉनसारख्या द्रावणात क्लोरहेक्सिडीनसोबत सेट्रिमाइड असते. डेटॉल हे फिनॉलच्या कुळातले. मांजरांचे यकृत हे कूळ नीट पचवू शकत नाही आणि मांजर अंग चाटते, म्हणून डेटॉल मांजरांपासून दूरच ठेवावे.

क्लोरहेक्सिडीनचा गुण असा, की ते त्वचेच्या वरच्या थराला चिकटते आणि पुसल्यावरही काही तास काम करत राहते. पोव्हिडोन-आयोडीनचा पल्ला व्यापक आहे, पण तो टिकत नाही. अल्कोहोल सर्वांत झटपट मारते, पण उडून गेले की संपले. ते सत्तर टक्क्यांच्या आसपास अधिक परिणामकारक असते, कारण जंतूंची प्रथिने गोठवायला थोडे पाणी लागते.

दारोइश आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ८४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनने जखमा चिघळण्याचे प्रमाण ९.५ टक्के होते, पाण्यातल्या पोव्हिडोन-आयोडीनने १६.१ टक्के. तेव्हापासून क्लोरहेक्सिडीन जिंकले असे सगळीकडे म्हटले जाऊ लागले. पण या तुलनेत एका बाजूला अल्कोहोल होते आणि दुसरीकडे नव्हते. बरोबरीची तुलना पुढे झाली, तेव्हा चित्र बदलले. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या हृदय आणि पोटाच्या शस्त्रक्रियांत दोन्ही औषधे अल्कोहोलमध्ये घेतली. संसर्ग आयोडीन गटात ५.१ टक्के आणि क्लोरहेक्सिडीन गटात ५.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच होता. त्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातल्या मोडलेल्या हाडांच्या मोठ्या अभ्यासात, बंद अस्थिभंगात अल्कोहोलमधले आयोडीनच थोडे सरस ठरले: २.४ विरुद्ध ३.३ टक्के.

कुत्र्यांवरचा बहुचर्चित अभ्यास ओसुना, डीयंग आणि वॉकर यांचा, १९९० मधला. जंतू कमी करण्यात दोन्ही औषधे सारखीच उतरली, पण पोव्हिडोन-आयोडीनने त्वचेवर लाली आणि पुरळ जास्त आले. प्राण्यांसाठी क्लोरहेक्सिडीनकडे झुकायला हे कारण पुरेसे आहे, कारण खाजणारी त्वचा चाटली जाते आणि चाटलेली जखम उसवते. पण ज्याच्याकडे फक्त पोव्हिडोन-आयोडीन आहे, त्याने ते नीट वापरले तर त्याची शस्त्रक्रिया कमी दर्जाची ठरत नाही. पुरावा मला तरी हेच सांगतो.

अल्कोहोलची सावधगिरी मात्र घ्यावीच लागते. ते पेट घेते. कॉटरी किंवा लेसर वापरायचा असेल तर केसांत आणि कापडाखाली साचलेले स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत थांबावे. शिवाय उडताना ते अंगातली ऊब घेऊन जाते.

बोळा, वेळ आणि वाळणे

तयारी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा बाहेरच्या खोलीत, ढोबळ स्वच्छतेचा. दुसरा शस्त्रक्रियेच्या टेबलावर, निर्जंतुक हातमोजे घालून, निर्जंतुक बोळ्यांनी. कापण्याच्या रेषेपासून सुरुवात करून गोल गोल बाहेर जायचे, आणि केसांच्या कडेला लागलेला बोळा परत मध्ये आणायचा नाही, ही जुनी शिकवण आहे. गोलच फिरवावे याला भक्कम पुरावा नाही. अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्सिडीनसाठी तर पुढे-मागे घासण्याचीच शिफारस असते, कारण घर्षणाने ते खोल जाते. मळलेला बोळा परत आत आणू नये, हे तत्त्व दोन्ही रीतींत कायम राहते.

वेळ घड्याळावर मोजावी. स्क्रब प्रकारांसाठी त्वचेचा औषधाशी एकूण तीन ते पाच मिनिटे संपर्क हवा. तीन फेऱ्या झाल्या म्हणजे वेळ झाली, असे होत नाही. तीन फेऱ्या चाळीस सेकंदांतही उरकता येतात. पोव्हिडोन-आयोडीन वाळत असतानाच त्याचे आयोडीन सुटत असते, तेव्हा ओले असतानाच पुसून टाकणे म्हणजे औषध लावून काढून घेणेच झाले.

औषध स्वतःच दूषित असू शकते, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अमेरिकेतल्या एका पशुरुग्णालयात सेराशिया जंतूचा प्रसार झाला, आणि त्याचे मूळ बेंझाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकात भिजवून ठेवलेल्या बोळ्यांच्या भांड्यांत सापडले. विरळ द्रावण रोज वरून भरत राहायचे, भांडे कधी रिकामे करून धुवायचे नाही, ही सवय आजही दिसते. भांडे रोज रिकामे करून निर्जंतुक करावे, द्रावण ताजे करावे आणि बाटलीवर तारीख लिहावी.

तयारी झाल्यावर चार बाजूंनी निर्जंतुक कापड घालतात, ते केसांची कडा झाकण्यासाठी. चिकट प्लास्टिकचे ड्रेप लावले म्हणजे अधिक संरक्षण मिळते, हा समज माणसांमधल्या पुराव्याने टिकलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्यांची शिफारस केलेली नाही.

जिथे नियम बदलतात

डोळ्याजवळ क्लोरहेक्सिडीन, अल्कोहोल किंवा फेस येणारे कोणतेही स्क्रब वापरू नये. बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. तिथे पोव्हिडोन-आयोडीनचे साधे द्रावण पन्नास पट विरळ करून वापरतात. कानाचा पडदा फाटला असेल, तर क्लोरहेक्सिडीन आतल्या कानाला घातक ठरते. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणांपासूनही ते दूर ठेवावे. श्लेष्मल त्वचेसाठी आणि उघड्या जखमांसाठी ०.०५ टक्के इतके विरळ क्लोरहेक्सिडीन घ्यावे. नर कुत्र्याच्या पोटाची शस्त्रक्रिया असेल, तर लिंगाच्या आवरणाची पिशवी अशाच विरळ द्रावणाने धुऊन घ्यावी. ती विसरली तर बाकीच्या तयारीचा उपयोग निम्मा होतो.

लहान जीवांत सर्वांत मोठा धोका थंडीचा असतो. दोन किलोंच्या पिल्लाच्या पोटावर थंड द्रावण ओतून वर स्पिरिट लावले, तर भुलेखालच्या त्या शरीराला उष्णता टिकवता येत नाही, आणि जागे होणे लांबते. द्रावणे कोमट असावीत, मोकळी केलेली जागा गरजेपुरतीच असावी आणि जनावर टेबलावर ओले पडलेले नसावे. सशाची त्वचा इतकी पातळ असते की क्लिपर अडकला तर फाटते, म्हणून ती ताणून हळूहळू पुढे जावे. सशाच्या तळपायांवरचे केस काढूच नयेत, कारण तीच त्याची गादी असते. पक्ष्यांची पिसे मोजकीच उपटावीत आणि अल्कोहोल टाळावे.

शिबिरातली परीक्षा

भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी आपल्या देशात २००१ मध्ये नियम झाले. त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे नियम आले. शस्त्रक्रियेनंतर कुत्रे जिथून पकडले तिथेच परत सोडायचे, हे त्यांचे सूत्र. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये, कुत्रे परत न सोडण्याचा आपला आधीचा आदेश बदलून, रेबीजची बाधा किंवा आक्रमकता नसलेल्या कुत्र्यांसाठी हेच सूत्र पुन्हा मान्य केले. याचा वैद्यकीय अर्थ नीट समजून घ्यावा. हे कुत्रे काही दिवसांत गल्लीत, पावसात, कचऱ्यात परत जाते. त्याच्या गळ्यात कॉलर नसते, पट्टी बदलायला कुणी नसते, ताप आला तर कुणाला कळत नाही. घरच्या कुत्र्याला तयारीतली चूक सुधारायची दुसरी संधी मिळते. रस्त्यावरच्या कुत्रीला ती मिळत नाही.

म्हणून गर्दीच्या केंद्रांत तयारी आणखी काटेकोर हवी. अनेक ठिकाणी अजूनही कुशीवरचे केस अर्ध्या ब्लेडने भादरले जातात, कारण ब्लेड स्वस्त असते, क्लिपर महाग पडतो आणि त्याची पाती सतत लावून घ्यावी लागतात. हा खर्च केंद्राच्या अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. केस काढणारा मदतनीस आणि बोळा फिरवणारा मदतनीस शक्यतो वेगळे असावेत. दोघांनाही केवळ सांगून नव्हे, करून घेऊन शिकवावे. पाण्याची सोय नसलेल्या जागी शिबिर घेऊच नये. आणि तयारीतली कसर प्रतिजैविकाच्या लांब मात्रेने भरून काढण्याची सवय सोडावी. औषधाला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस अशाच सवयींवर वाढतात, आणि ते फक्त कुत्र्यांपुरते राहत नाहीत.

अजून काय हवे आहे

प्राण्यांवरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत. त्यांत बोळ्यावर किती जंतू उगवले हे मोजलेले असते, जखम चिघळली की नाही हे नव्हे. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. माणसांवर हजारो रुग्णांचे अभ्यास झाले, तेव्हा जंतूंच्या मोजणीवरून काढलेले निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. भारतातल्या नसबंदी केंद्रांत एकाच प्रकारची शस्त्रक्रिया वर्षभरात इतक्या मोठ्या संख्येने होते, की जगात फार थोड्या ठिकाणी तशी संधी असेल. सोडण्याच्या दिवशी प्रत्येक जखम पाहून एका ठरावीक तक्त्यात चार रकाने भरले, तर पुरे: केस कशाने काढले, कोणते औषध, किती मिनिटे, जखम कशी. नागपूरच्या पशुवैद्यक विद्यापीठाने आणि महानगरपालिकांनी मिळून हे काम हाती घ्यावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. त्यातून निघणारे उत्तर आपल्या कुत्र्यांचे, आपल्या पाण्याचे आणि आपल्या पावसाळ्याचे असेल. तोवर वस्तरा बंद करणे, केस भुलेनंतरच काढणे, मळ धुणे आणि घड्याळ पाहून औषधाला वेळ देणे यांसाठी कुणाच्या संशोधनाची वाट पाहायची गरज नाही. उद्याच्या पहिल्या शस्त्रक्रियेपासून हे सुरू करता येते, आणि करायलाच हवे.